छोट्या गोळीचा मोठा हिशेब

"एक खोका कम है!"

उस्तादांचा आवाज आला आणि आम्हा आठही जणींच्या पोटात गोळा आला. मी तेव्हा फर्स्ट इयरला होते आणि एनसीसीचा कॅम्प चालू होता. सड्यावरच्या फायरिंग रेंजवर प्रत्येकीला पॉइंट टू-टूच्या रायफलीतून पाच राऊंड मारायला मिळाले होते. मारून झाल्यावर पाच रिकामे खोके मोजून परत द्यायचे, हा नियम. आमच्या डिटेलचे चाळीस खोके व्हायला हवे होते. भरले एकोणचाळीस.

मग काय! भर उन्हात आठ जणी गुडघ्यांवर बसून कातळावरच्या वाळक्या गवतात दीड सेंटिमीटरचं पितळेचं नळकांडं शोधत होतो. जेवणाची वेळ टळली. शेवटी तो खोका सापडला माझ्याच शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत. शेजारच्या मुलीच्या रायफलीतून उडून तो तिथे जाऊन बसला होता. त्यानंतर आठवडाभर मेसमध्ये माझं नाव "खोका" पडलं होतं, हे आमच्या हॉस्टेलमधल्या जुन्या मुलींना आठवत असेल.

त्या दिवशी मला फार राग आला होता. एवढ्याशा रिकाम्या टोपणासाठी इतका गोंधळ? पण पुढे ही गोळी स्वतःच्या, म्हणजे बाबांच्या पैशाने विकत घ्यायची वेळ आली, तेव्हा उस्ताद एकेक खोका का मोजत होते ते वेगळ्या अर्थाने कळलं. आपल्याकडे नेमबाज कोण होणार हे नजर आणि हात ठरवतात, असं आपण समजतो. त्याच्या आधी ही छोटी गोळी बरंच काही ठरवून टाकते. ती कशी, हाच या लेखाचा विषय आहे.

एक कबुली आधीच देते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीतून अभ्यासलेख लिहायचा म्हटलं की अजूनही घाम फुटतो. "काडतूस" हा शब्द मी परवापर्यंत "कारतूस" असा हिंदी सिनेमासारखा म्हणत होते. चुकलं तर सांभाळून घ्या.

टिकलीपासून सुरुवात करू

दिवाळीतली टिकल्यांची बंदूक सगळ्यांनी उडवली आहे. टिकलीवर टोला बसला की ती फुटते. काडतुसातही हेच तत्त्व आहे. मागच्या बाजूला टोल्याने पेटणारा थोडासा मसाला, त्याच्या पुढे दारू, आणि तोंडाशी शिशाची गोळी.

मोठ्या काडतुसात हा मसाला बुडाच्या मध्यभागी वेगळ्या छोट्या टोपीत बसवलेला असतो. पॉइंट टू-टूमध्ये वेगळी टोपी नसते. बुडाला जी पोकळ कड असते, त्या कडेच्या आतच मसाला भरलेला असतो. रायफलीची पिन त्या कडेवर आपटते म्हणून हे रिमफायर. रिम म्हणजे कड, एवढं सोपं.

हे काडतूस आपल्या आजोबांच्या आजोबांच्या काळातलं आहे. १८४५ च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्लोबेर नावाच्या कारागिराने घरात नेम धरून खेळण्यासाठी असलं छोटं काडतूस काढलं. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने पॉइंट टू-टू शॉर्ट आणलं, आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने पॉइंट टू-टू लाँग रायफल. आज आपण कॅम्पात वापरतो आणि ऑलिम्पिकमध्येही वापरतात ते हेच शेवटचं. पूर्ण काडतूस साधारण एक इंच लांब आणि पुढची गोळी फक्त २.६ ग्रॅमची.

या रचनेचा किमतीशी थेट संबंध आहे. मोठ्या काडतुसाचा रिकामा खोका परदेशातले हौशी नेमबाज पुन्हा भरून वापरतात आणि खर्च वाचवतात. रिमफायरचा खोका एकदा उडाला की त्याची कड चेपलेली असते, तो पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे प्रत्येक बाराला नवी गोळी, आणि नवी गोळी म्हणजे नवे पैसे.

कोणतीही गोळी का चालत नाही?

मला आधी वाटायचं, गोळी ती गोळी. स्वस्तातली घ्यावी आणि मारावी. मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसले. हवेचा रोध सोडून दिला तर हे गणित आपल्या फर्स्ट इयरच्या फिजिक्सचंच आहे.

स्पर्धेच्या गोळीचा वेग सेकंदाला साधारण ३२५ मीटर असतो. आवाजाच्या वेगापेक्षा तो मुद्दाम थोडा कमी ठेवतात, म्हणजे गोळी वाटेत डगमगत नाही. ५० मीटर जायला तिला सुमारे ०.१५४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने ती ११६ मिलिमीटर खाली येते. आता समजा, पुढची गोळी थोडी जोरात निघाली, ३३५ मीटरने. तर ती १०९ मिलिमीटर खाली येईल. फरक जवळजवळ ७ मिलिमीटर.

सात मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ किती असतं? व्यास १०.४ मिलिमीटर. शर्टाचं बटण! दशांशात गुण मोजले तर मध्यावर लागून १०.९ मिळवणारी गोळी या फरकामुळे १०.१ वर जाते. नेमबाजाचा हात केसभरही हललेला नसताना ०.८ गुण गेले. त्यात आपला स्वतःचा हात हलला की नऊ, आठ आहेतच.

म्हणून स्पर्धेची गोळी वेगळी असते. प्रत्येक गोळी आदल्या गोळीसारखीच निघावी यासाठी कारखान्यात जी काळजी घेतात, तिचे पैसे आपण मोजतो. जगात या कामात मुख्यतः तीन नावं घेतली जातात : इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ आणि जर्मनीची आरडब्ल्यूएस. यांच्याकडेही एका लॉटची गोळी एका रायफलीला मानवते, दुसरीला नाही. मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन थेट कारखान्यात जातात, लॉट तपासतात आणि मानवलेल्या लॉटच्या हजारो गोळ्या उचलतात. आपल्यासारख्यांना जो लॉट येईल तो गोड मानून घ्यावा लागतो.

गोळी येते कुठून?

देशी पॉइंट टू-टू सरकारी दारूगोळा कारखान्यांत तयार होते. छोट्या शस्त्रांच्या दारूगोळ्याचे दोन मोठे कारखाने आपल्या महाराष्ट्रातच आहेत. एक पुण्याजवळ खडकीला, १८६९ पासूनचा, आणि दुसरा जळगाव जिल्ह्यात वरणगावला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यात हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले, आणि तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. देशी गोळी शिकायला, सरावाला ठीक. पण दशांशाच्या शर्यतीत उतरायचं तर बाहेरची गोळी लागते.

बाहेरची गोळी म्हणजे द्राविडी प्राणायाम. हिला टपालाने मागवता येत नाही. वाहतुकीच्या नियमांत ती स्फोटकांच्या वर्गात मोडते, जरी त्यातल्या सर्वांत कमी धोक्याच्या गटात असली तरी. त्यामुळे आयातीचा परवाना, ठराविक जहाज किंवा विमान, बंदरावरची तपासणी, मग संघटना, मग क्लब किंवा परवानाधारक दुकानदार. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियामार्फत नेमबाजांसाठी आयात होते. नामवंत नेमबाजांना सीमाशुल्कात सवलत आहे. पण हौशी नेमबाज, जो रविवारी क्लबात येऊन चाळीस-पन्नास गोळ्या मारतो, तो या रांगेत सगळ्यात मागे उभा असतो.

आमच्या घरी हापूसची कलमं आहेत, म्हणून मला हे लगेच समजलं. आमची पेटी बागेतून निघते एका भावाने. वाशीला पोचेपर्यंत गाडीभाडं, हमाली, अडत चढत जाते आणि मुंबईतल्या गिऱ्हाइकाच्या हातात पडते भलत्याच भावाने. गोळीचंही तेच आहे, फक्त दिशा उलटी. ती परदेशातून निघते आणि रत्नागिरीकडे येताना टप्प्याटप्प्याने महाग होते. त्यात किंमत पौंडात नाहीतर युरोत. रुपया घसरला की रेंजवर काहीही न बदलता गोळी महाग!

आणि आंब्यासारखीच हिलाही जगातल्या हवामानाची बाधा होते. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूक शाळेत भयंकर गोळीबार झाला. बंदुकांवर बंदी येईल या भीतीने लोकांनी जी दिसेल ती गोळी विकत घेऊन साठवली. पॉइंट टू-टू, जी तिथे किराणा सामानासारखी मिळायची, ती पुढे काही वर्षं दुकानांतून गायब होती. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात पुन्हा तेच. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, आणि युरोपात सैन्याच्या दारूगोळ्याची मागणी वाढली. सैन्याची तोफ आणि खेळाची रायफल, दोन्हींच्या दारूला लागणारा नायट्रोसेल्युलोज हा कच्चा माल एकच. तोफ आधी, खेळ नंतर, हे उघड आहे.

कायदा काय म्हणतो?

हा भाग हॉस्टेलवाल्यांनी लक्ष देऊन वाचावा.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. पॉइंट टू-टू रायफल आणि तिची गोळी, दोन्हींना परवाना लागतो. परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवं. त्याआधी, बारा वर्षं पूर्ण झाल्यावर, प्रशिक्षणापुरती आणि देखरेखीखाली रायफल वापरता येते. मी वीस वर्षांची आहे. म्हणजे मी क्लबाची रायफल, क्लबाची गोळी, क्लबाच्या रेंजवर, सरांच्या समोर वापरू शकते. एक गोळीसुद्धा माझ्या नावावर घेऊ शकत नाही.

परवाना मिळाला तरी हव्या तेवढ्या गोळ्या मिळतात असं नाही. एका वेळी किती आणि वर्षात किती घेता येतील हे परवान्यावर लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. खेळाडूंची अडचण होऊ नये म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने त्यांना जास्त शस्त्रं ठेवण्याची आणि सरावासाठी जास्त गोळ्या घेण्याची मुभा दिली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण मुभा मिळाली म्हणून माल स्वस्त होत नाही.

एअर रायफलचं मात्र वेगळं आहे. ४.५ मिलिमीटरच्या नळीची आणि २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेली हवेची बंदूक घ्यायला परवाना लागत नाही. तिचे छर्रे डब्यात मिळतात. दहा मीटरचा सगळा खेळ यावरच चालतो.

आणि हो, एक धोक्याची सूचना. कॅम्पाची आठवण म्हणून एखादी जिवंत गोळी खिशात घालून आणू, ट्रंकेत ठेवू, असलं काही मनातही आणू नका. एकच असली तरी ती विनापरवाना दारूगोळाच ठरते. पुढे कधी इंटरव्ह्यूला विमानाने जाताना ती बॅगेच्या कोपऱ्यात सापडली, तर नोकरी राहिली बाजूला, आधी पोलीस चौकी. रिकामा खोकासुद्धा आणू नका. तो कुठून आला हे पटवून देताना नाकी नऊ येतील.

क्षचा हिशेब

आता मुख्य प्रश्न : खर्च किती? भाव लॉटप्रमाणे, ब्रँडप्रमाणे, वर्षाप्रमाणे बदलतो. आज छापलेला भाव अंक हातात पडेपर्यंत शिळा होईल. म्हणून आपण इंजिनिअरसारखं करू. एका गोळीची किंमत क्ष रुपये धरू.

पन्नास मीटरच्या स्पर्धेत गुणांच्या ६० गोळ्या असतात. त्याआधी अंदाज घेण्याच्या गोळ्या वेगळ्या. एका सामन्याला साधारण ८० धरा. सराव दिवसाला १०० गोळ्यांचा, आठवड्यातून चार दिवस, वर्षात ४८ आठवडे. ही काही जागतिक पातळीची तयारी नव्हे, मध्यम सराव आहे.

१०० गुणिले ४ गुणिले ४८ = १९,२००.

पन्नास गोळ्यांची एक पेटी, म्हणजे वर्षाला ३८४ पेट्या. खर्च १९,२०० क्ष.

या उत्तराकडे जरा वेळ बघा. क्षची किंमत फक्त एक रुपयाने वाढली, तर वर्षाचा खर्च १९,२०० रुपयांनी वाढतो. पाच रुपयांनी वाढली तर ९६,००० रुपयांनी. आता क्लबात चौकशी करा, क्षच्या जागी जो आकडा सांगतील तो घाला, आणि तो आपल्या वर्षाच्या हॉस्टेल फीशी, मेसच्या बिलाशी ताडून बघा. यात रायफल नाही, जॅकेट नाही, प्रवास नाही. नुसता धूर!

मावळंगे आणि कोल्हापूर

तुम्ही म्हणाल, रत्नागिरीचा आणि याचा काय संबंध? आहे, आणि जुना आहे.

नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचं घराणं मूळचं आपल्या संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचं, आणि त्यांचं सुरुवातीचं शिक्षण राजापूर वगैरे ठिकाणी झालं. पुढे ते अहमदाबादला गेले. आजही राष्ट्रीय स्पर्धेत जाण्यासाठी जी पात्रता स्पर्धा खेळावी लागते, ती त्यांच्याच नावाची, अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर स्पर्धा. देशातला प्रत्येक होतकरू नेमबाज ज्यांचं नाव घेऊन खेळायला जातो, ते आपल्या जिल्ह्याचे, हे मला तरी गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

आंबा घाट चढून पलीकडे गेलं की कोल्हापूर. तिथल्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण घेऊन जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि जगज्जेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, अंतिम फेरीत ४५१.४ गुणांनी. या तिन्ही पदकांमागे आपल्या कॅम्पातल्याच जातीची गोळी आहे, पॉइंट टू-टू.

स्वप्नीलचे वडील शिक्षक. मुलगा २००९ मध्ये सरकारच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला, पुढे रेल्वेत नोकरीला लागला. मुलाच्या खेळासाठी वडिलांनी कर्ज काढल्याचं त्या वेळी वर्तमानपत्रांत आलं होतं. पदक बघताना आपण टाळ्या वाजवतो. मी मात्र त्या दिवशी मनातल्या मनात १९,२०० ला कित्येक वर्षांनी गुणत होते.

माझं काय झालं?

सेकंड इयरनंतरच्या मे महिन्यात मी कोल्हापूरला मामाकडे राहून एका क्लबात पन्नास मीटर शिकले. पहिले पंधरा दिवस छान गेले. गोळ्या एका मुठीत याव्यात तशा जवळजवळ लागत होत्या. सर म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." आणि तिसऱ्या आठवड्यात तो लॉट संपला. दुसरा आला तो वेगळ्या ब्रँडचा, आणि प्रत्येक गोळी मागे महाग. माझा ग्रुप फुटला. चूक माझी की गोळीची हे ठरवायला आणखी गोळ्या हव्यात, आणि त्या घ्यायला पैसे हवेत! चार दिवस मी रडकुंडीला आले होते.

घरी गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. बाबा ओटीवर पेट्यांना पट्ट्या मारत बसले होते. म्हणाले, "बाय, यंदा बाग बरी झालीय. तू हिशेब सांग, मी बघतो."

मी हिशेबाची वही घेऊन त्यांच्यासमोर बसले, १९,२०० चा आकडा काढला, क्षच्या जागी क्लबातला भाव घातला आणि शेवटची बेरीज वाचायच्या आधीच वही मिटली. कारण यंदा बाग बरी झाली, पण पुढच्या वर्षी मोहोर गळला तर? बाबांनी नाही म्हटलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. ते हो म्हणत होते, हेच मला जास्त जड गेलं.

मग मी आणि सरांनी मिळून मधला रस्ता काढला. वर्षभर दहा मीटर एअर रायफल हाच माझा मुख्य खेळ. पन्नास मीटर फक्त मे महिन्यात, आणि त्यासाठी ५०० गोळ्या, एकाच लॉटच्या, आधी बाजूला काढून ठेवलेल्या. बाकी सगळा कोरडा सराव, म्हणजे गोळी न घालता उभं राहणं, श्वास धरणं, चाप ओढणं. यातही एक गोष्ट शिकले. रिमफायर रायफलीचा चाप रिकाम्या नळीवर ओढला तर पिन नळीच्या कडेवर आपटून तिला इजा होऊ शकते. त्यासाठी रायफलीत वेगळी सोय लागते, ती आहे का हे विचारल्याशिवाय हौस करू नये.

हॉस्टेलमध्ये तर रायफल आणता येत नाही. म्हणून मी पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरते आणि भिंतीवरच्या टिंबाकडे बघत दोन-दोन मिनिटं उभी राहते. माझी रूममेट म्हणते, हिला कोणीतरी अंगारा आणा! हसा खुशाल, पण यंदा माझे गुण वाढलेत, आणि त्या बाटलीला क्ष लागत नाही.

ज्यांना यावंसं वाटतं त्यांच्यासाठी

पहिलं, एनसीसी सोडू नका. तिथल्या पाच गोळ्या तुम्हाला फुकट मिळतात. मन लावून मारा. दुसरं, सुरुवात एअर रायफलने करा. हात तयार झाला की मग पन्नास मीटरला हात घाला. तिसरं, रायफल घेण्याची घाई नको. क्लबाची रायफल वापरा आणि गोळीचे पैसे रेंजवरच द्या. चौथं, घ्याल त्या गोळ्या एकाच लॉटच्या घ्या आणि प्रत्येक गोळीची नोंद वहीत ठेवा, कुठे लागली, का लागली. गोळी महाग आहे म्हणून कमी मारावी लागते हे खरं, पण कमी मारताना विचार जास्त होतो हेही तितकंच खरं. आमच्या कोकणात ठासणीची बंदूक बाळगणारी जुनी माणसं एका बारासाठी अर्धा अर्धा तास थांबत. त्यांना कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं, दारू महाग होती एवढंच.

शेवटी प्राचार्य सर, जिमखान्याचे सर आणि सर्व प्राध्यापकांना एक विनंती. पन्नास मीटरची रेंज आणि पॉइंट टू-टूच्या गोळ्या कॉलेजला परवडणार नाहीत, हे मी वर स्वतःच सिद्ध केलं आहे. पण दहा मीटरला काय लागतं? एक बंद लांबट खोली, मागे गोळी अडवणारी भक्कम भिंत, एक-दोन एअर रायफली, छर्रे आणि एक शिस्तीचा प्रशिक्षक. वर्कशॉपच्या मागची जुनी शेड वर्षानुवर्षं मोडक्या बाकांनी भरलेली आहे. तिची लांबी मी टेपने मोजली, साडेचौदा मीटर भरली. बाक हलवायला आम्ही मुलं-मुली एका रविवारी येऊ.

छर्रे मोजून द्यायचं आणि हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे द्या. एकही कमी पडणार नाही, याची खात्री "खोका" स्वतः देते.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
मुलींचे वसतिगृह